स्फटिकांनी नाकारलेले धातू

बसा पोरांनो, आज ३२ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. त्या युगात पृथ्वीवर डायनोसोर नव्हते, पक्षी नव्हते, फुलणारं एकही झाड नव्हतं. दलदलीच्या रानात नेच्यांच्या जातीची उंच उंच झाडं होती आणि पंख पसरले की हातभर भरतील असे चतुर त्यांच्यामधून उडत होते. या रानाच्या खाली, जमिनीच्या पोटात, खडक वितळत होता. माझी गोष्ट त्या वितळलेल्या खडकाची आहे. त्यातलं बहुतेक सगळं थिजून गेल्यावर तळहाताएवढं जे काही उरलं, खरी गोष्ट त्याचीच आहे.

आधी नकाशा उघडा. जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर शोधा. तिथून दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर गेलं की चेक देशाची सीमा लागते आणि सीमेवरच एक लांबलचक डोंगररांग आडवी पसरलेली दिसते. चेक लोक तिला क्रुश्ने होरी म्हणतात, जर्मन लोक अर्झगेबिर्ग. याच रांगेवर एक गाव आहे, निम्मं इकडे आणि निम्मं तिकडे. चेक बाजूला त्याचं नाव त्सिनोवेत्स, जर्मन बाजूला त्सिनवाल्ड. उंची आठशे मीटरच्या वर. थंडीत बर्फ, उन्हाळ्यात गवताची कुरणं. वरून पाहिलं तर विशेष काही वाटणार नाही. पण या गावाखाली ग्रॅनाइटचा एक घुमट आहे. जमिनीवर त्याचा जेवढा माथा उघडा पडलाय तो दीड किलोमीटरही लांब नाही. तेवढ्याशा जागेनं माणसाला कथील दिलं, टंगस्टन दिलं, आणि आता सगळं युरोप तिच्याकडे लिथियमसाठी डोळे लावून बसलंय.

एवढं सगळं एकाच ठिकाणी कसं आलं? तेच सांगतो.

तेव्हाचा जगाचा नकाशा आजच्यासारखा नव्हता. दक्षिणेला गोंडवन नावाचा प्रचंड भूखंड होता. आपला भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका, सगळे त्यात एकत्र नांदत होते. उत्तरेला दुसरा भूखंड होता. दोघे हळूहळू जवळ आले, मधला समुद्र मिटला आणि जिथे ते एकमेकांवर रेटले गेले तिथे मोठी पर्वतरांग उठली. तिचे झिजलेले अवशेष आज स्पेन, फ्रान्स, जर्मनी आणि चेक देशात सापडतात. भारत त्या वेळी खूप दक्षिणेला, ध्रुवाच्या बाजूला होता. त्यानंतर थोड्याच काळात, म्हणजे दोनेक कोटी वर्षांत, आपल्याकडे बर्फ पसरलं. चंद्रपूरजवळ इरई नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडकावर हिमनदीनं घासून पाडलेल्या रेघा आजही दिसतात. चंद्रपूरच्या उन्हात उभं राहून त्या रेघांवर हात फिरवायला मिळाला तर नक्की फिरवा.

तर तिकडे युरोपात पर्वत उठला. पर्वत वर उठतो तितकंच, किंबहुना त्याहून जास्त, त्याचं मूळ खाली जातं. कवच जाड होतं. खडकात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमचे अणू असतात. ते सावकाश फुटत राहतात आणि प्रत्येक वेळी इवलीशी उष्णता बाहेर टाकतात. जाड कवचात ही उष्णता कोंडून राहते, शिवाय खालूनही धग लागते. खोल दडपलेला खडक म्हणजे मुळात जुन्या समुद्रातला गाळ, चिखल. दाबानं आणि तापानं त्याचा अभ्रकाचा चमकदार खडक झाला होता. अभ्रकाच्या पापुद्र्यांत पाणी बांधलेलं असतं. ताप वाढला की अभ्रक मोडतं, पाणी सुटतं, आणि पाणी मिळालं की खडक लवकर वितळतो. अभ्रकाच्या त्याच पापुद्र्यांत लिथियम, कथील, टंगस्टन, फ्लोरिन असे पाहुणे थोडे थोडे दडलेले असतात. अभ्रक मोडल्यावर तेही वितळलेल्या खडकात, म्हणजे शिलारसात, उतरले.

किती थोडे, ते सांगतो. पृथ्वीच्या कवचातले दहा लाख ग्रॅम घेतले, म्हणजे एक टन, तर त्यात लिथियम सुमारे वीस ग्रॅम. कथील दोनेक ग्रॅम. टंगस्टन एक-दोन ग्रॅम. एवढ्यासाठी कुणी डोंगर फोडणार नाही. निसर्गानं त्याची शंभरपट जमवाजमव केली म्हणून तर खाण झाली. ही जमवाजमव कुणी मुद्दाम केली नाही, आणि कोणतीही जादू त्यात नाही. ती झाली फक्त नकारामुळे.

उरणकडे जाताना मिठागरं बघितली आहेत ना तुम्ही? समुद्राचं पाणी उथळ वाफ्यांत घेतात, ऊन त्याला आटवतं, आणि एका क्षणी मिठाचे खडे धरायला लागतात. मिठाचा खडा फार शिस्तीचा असतो. सोडियम आणि क्लोरीन, एकाआड एक, ठरावीक अंतरावर. पाण्यात मॅग्नेशियमही असतं, पण खड्याच्या त्या रचनेत त्याला जागा नाही. म्हणून मीठ बसत जातं तसतसं उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियम वाढत जातं आणि ते पाणी जिभेला लावलं तर कडूजहर लागतं. आगरातली माणसं ते कडू पाणी वेळीच काढून देतात. नाही काढलं तर मीठ बिघडतं.

जमिनीखालच्या शिलारसात नेमकं हेच झालं, फक्त लाखो वर्षं घेऊन आणि सातशे-आठशे अंश सेल्सियस तापमानाला. तो निवायला लागला की त्यात आधी ठरावीक स्फटिक धरतात. फेल्डस्पार, गारगोटी आणि काळं अभ्रक. ग्रॅनाइटचा कोणताही दगड हातात घ्या, ही तिघं दिसतील. फेल्डस्पारच्या रचनेत पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम बसतात. गारगोटीत सिलिकॉन आणि ऑक्सिजन, बाकी जवळपास कुणी नाही. लिथियमचा अणू त्या मानानं फारच लहान. सीझियमचा अवाढव्य. कथील, टंगस्टन, टँटलम यांच्यावर विजेचा भार इतका जास्त की शेजाऱ्यांचा हिशोब बिघडतो. रुबिडियम तेवढं पोटॅशियमच्या जागी थोडंफार घुसतं. बाकीच्यांना स्फटिक घेत नाहीत. घेत नाहीत म्हणून ते रसात राहतात. रस कमी होत जातो, ते तितकेच राहतात. निम्मा रस थिजला तर त्यांचं प्रमाण दुप्पट. शंभरातले नव्वद भाग थिजले तर दहापट. हा साधा हिशोब आहे, पाचवीतला पोरगाही करेल, पण त्यानं डोंगर घडवले आहेत.

इथे एक अडचण होती. रस घट्ट असेल तर तो स्फटिकांच्या गर्दीतून वेगळा होणारच नाही, तिथेच अडकून थिजेल. साध्या ग्रॅनाइटचं तसंच होतं, आणि जगातले बहुतेक ग्रॅनाइट साधेच राहिले ते त्यामुळे. त्सिनोवेत्सच्या रसाला तारलं ते फ्लोरिननं. तुमच्या टूथपेस्टमध्ये ज्याचा अंश असतो तेच. स्फटिक त्यालाही फारसे घेत नाहीत, म्हणून तेही साचत गेलं. फ्लोरिन रसातल्या सिलिकॉन-ऑक्सिजनच्या लांब साखळ्या तोडतं. रस पातळ होतो, सहज वाहतो. शिवाय त्याचा थिजण्याचा बिंदू खाली जातो. पाणी मुरलेला साधा ग्रॅनाइट साडेसहाशे-सातशे अंशांच्या आसपास पुरता थिजतो. भरपूर फ्लोरिन असलेला रस सहाशेच्या खालीही द्रव राहू शकतो. म्हणजे या रसाला वेळ मिळाला आणि पाय मोकळे मिळाले. तो स्फटिकांच्या फटींतून पिळून निघाला आणि वर, घुमटाच्या माथ्याकडे चढला.

माथ्यावर छप्पर होतं रायोलाइट नावाच्या खडकाचं. या भागात त्याआधी मोठा ज्वालामुखी उसळून गेला होता. इतका मोठा, की उद्रेकानंतर खालची पोकळी खचली आणि तीसेक किलोमीटर लांबीचा खळगा पडला. रायोलाइट हा खरं तर ग्रॅनाइटचाच भाऊ. दोघांचा रस एकाच जातीचा. एक बाहेर पडून झटपट निवला म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, दुसरा आत राहून सावकाश निवला म्हणून त्याचे स्फटिक ठसठशीत. तर या भावाच्या छपराखाली आमचा उरलेला रस येऊन थांबला. छपराला टेकून काही ठिकाणी फेल्डस्पारचे लांबट स्फटिक वाढले, सगळे माथ्यापासून खाली, आतल्या बाजूला तोंड करून. भूवैज्ञानिकाला ते दिसले की तो ओळखतो, घुमटाची कड आली.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. आतापर्यंत पाणी रसात विरघळलेलं होतं. रस थिजत आला तसं त्या पाण्यालाही जागा उरेना. मग ते रसातून सुटून वेगळं झालं. साधं पाणी नव्हे ते. पाचशे-सहाशे अंशांचं, प्रचंड दाबाखालचं, फ्लोरिन आणि क्लोरीननं आंबट झालेलं, धातू पोटात घेतलेलं. ते छपराखाली साचलं. दाब वाढत वाढत एक वेळ आली की खडकाला तो सोसवेना. घुमट तडकला. तडे उभे गेले नाहीत, घुमटाच्या उताराला धरून जवळजवळ आडवे गेले, एकाखाली एक. पाणी त्यांत घुसलं. तडा उघडला की दाब एकदम उतरतो, आणि दाब उतरला की पोटात घेतलेलं ओझं पाण्याला पेलत नाही. मग तड्याच्या कडेनं अभ्रक बसलं, मध्ये गारगोटी, आणि दोघांच्या मध्ये कथिलाचं खनिज कॅसिटेराइट, टंगस्टनचं खनिज वुल्फ्रामाइट, जांभळट-हिरवट फ्लोराइट, टोपाझ. तडा बुजला. पुन्हा दाब साचला. पुन्हा तडकला.

तड्यांतून जे पाणी आजूबाजूच्या ग्रॅनाइटमध्ये झिरपलं त्यानं आणखी एक काम केलं. आंबट पाण्यानं फेल्डस्पार खाऊन टाकलं. संपूर्ण. त्याच्या जागी गारगोटी, टोपाझ आणि लिथियमचं अभ्रक आलं. ग्रॅनाइटचा ग्रॅनाइटपणाच गेला. अशा खडकाला जर्मन खाणकामगारांच्या बोलीतलं ग्रायझन हे नाव आहे आणि जगभरचे भूवैज्ञानिक तेच वापरतात. ग्रायझनचा तुकडा पाहिलात तर राखाडी दिसेल, त्यात चमचमणारे पापुद्रे, आणि हातात घेतल्यावर वाटेल त्यापेक्षा जरा जड. मला विचाराल तर हिऱ्यापेक्षा हा तुकडा जास्त बोलका आहे. एका खडकानं दुसऱ्याचं रूप कसं घेतलं, याची सगळी हकिकत त्यात कणाकणानं शाबूत आहे.

‘पण आजोबा, हे सगळं जमिनीखाली झालं तर कळलं कसं?’ चांगला प्रश्न आहे. गारगोटीचे स्फटिक वाढताना त्यांच्यात कधीकधी भोवतालच्या रसाचा बारीकसा थेंब अडकतो. केसाच्या जाडीहूनही लहान. स्फटिक त्याला चहूबाजूंनी बंद करतो आणि तो ३२ कोटी वर्षं तसाच राहतो. शास्त्रज्ञ त्या स्फटिकाचा पातळ काप काढतात, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि हळूहळू तापवतात. थेंब पुन्हा वितळला की तापमान नोंदवतात, त्यात किती पाणी, किती फ्लोरिन, किती लिथियम ते मोजतात. शेवटचा रस कसा होता, हे त्या थेंबाकडूनच कळतं.

दुसरा पुरावा अगदी सरळ होता, भोक पाडण्याचा. १९६१ ते १९६३ या काळात चेकोस्लोव्हाकियाच्या भूवैज्ञानिकांनी त्सिनोवेत्सच्या घुमटात थेट खाली १५९६ मीटर खोल भोक घेतलं. एक किलोमीटर आणि वर अर्ध्याहून जास्त. भोकातून दगडाचा गोल दांडा सलग बाहेर काढला. त्याचा अभ्यास मिरोस्लाव्ह श्टेम्प्रोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. वरचा सुमारे ७३५ मीटरचा भाग निघाला लिथियम-अभ्रकाच्या ग्रॅनाइटचा. त्याखाली काळ्या अभ्रकाचा साधा ग्रॅनाइट. खालून वर येताना लिथियम, रुबिडियम, कथील, फ्लोरिन वाढत गेलेलं. मिठागराच्या पाण्यासारखं कडू होत गेलेलं सगळं त्या दांड्यावर उभं मांडलेलं होतं. यातला किती वाटा रसाचा आणि किती वाटा नंतरच्या गरम पाण्याचा, यावर भूवैज्ञानिकांनी पुढे अनेक वर्षं वाद घातले. तसा वाद झाला, याचा मला आनंदच आहे. वादाशिवाय दांडा नुसता दगडच राहिला असता.

असो. डोंगर घडला, मग झिजला. पाऊस, बर्फ, नद्या यांनी वरचं रायोलाइटचं छप्पर उतरवत आणलं आणि नेमका घुमटाचा माथा उघडा पडला. थोडं कमी झिजलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. थोडं जास्त झिजलं असतं तर माथाच वाहून गेला असता आणि खाली उरला असता साधा ग्रॅनाइट. धातू माथ्यावरच होते ना!

जे वाहून गेलं ते ओढ्यांत गेलं. कॅसिटेराइट पाण्यानं कुजत नाही, झिजतही फार कमी, आणि गारगोटीपेक्षा अडीचपट जड असतं. त्यामुळे ओढ्याची वाळू वाहून जाते आणि हे काळपट खडे तळाशी राहतात. या डोंगरातल्या माणसांनी कथील पहिल्यांदा असंच मिळवलं, परातीसारख्या भांड्यात वाळू घोळवून. मग ओढ्याच्या उगमाकडे चढत गेले आणि खडक सापडला. खडकात शिरायला तेव्हा सुरुंगाची दारू नव्हती. भिंतीला लाकडं रचून रात्रभर जाळायची. तापलेला खडक तडकतो, मग सकाळी छिन्नी-हातोड्यानं ढलप्या काढायच्या. धुरानं आणि धुळीनं किती माणसांच्या छात्या गेल्या असतील, त्याचा विचार करा. त्या काळी याच डोंगरात याखिमोव्ह नावाच्या खाणगावात एक वैद्य होता, गेऑर्ग आग्रिकोला. जन्म १४९४ चा. तो रोग्यांना औषध द्यायचा आणि बाकीचा वेळ खाणी, भट्ट्या, पाण्याचे रहाट बघत फिरायचा. बघितलेलं सगळं त्यानं लिहून काढलं. त्याचा लॅटिन ग्रंथ १५५६ मध्ये छापला गेला, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. पुढची दोन शतकं खाणकाम शिकायचं तर तोच ग्रंथ. १९१२ मध्ये तो इंग्रजीत आणला एका खाण-अभियंत्यानं आणि त्याच्या बायकोनं. तो अभियंता म्हणजे हर्बर्ट हूवर, नंतर अमेरिकेचा अध्यक्ष झालेला. आणि याखिमोव्हच्याच काळ्या दगडातून १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्यूरींना रेडियमचा सुगावा लागला. पण ती गोष्ट मोठी आहे, आज नको.

शेजारच्या आल्टेनबर्गला काय झालं ते मात्र सांगायलाच हवं. तिथलं कथीलही अशाच ग्रायझनमधलं. अनेक मालक, प्रत्येकाची आपापली खाण. ज्यानं त्यानं जाळ लावून आपापल्या वाट्याचा डोंगर पोखरला. आधाराला खांब किती ठेवायचे, याचा एकत्र विचार कुणी केला नाही. १६२० च्या जानेवारीत तो पोखरलेला डोंगर कोसळला. आजही तिथे सुमारे चारशे मीटर रुंद खळगा आहे. पण माणसाची चिकाटी बघा. कोसळलेला खडक तर फुटलेलाच होता! त्यांनी खालून बोगदे काढून तो तुकड्यातुकड्यानं ओढला आणि १९९१ पर्यंत कथील काढत राहिले.

आपल्या घरातही कथील होतं बरं का. माझ्या लहानपणी दारावर कल्हईवाला यायचा. पितळेचं पातेलं भात्याच्या निखाऱ्यांवर तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा, भक्कन पांढरा धूर, आणि मग कथलाची कांडी टेकवली की क्षणात ती पाण्यासारखी पसरायची. कथील २३२ अंशांलाच वितळतं, म्हणून हे जमतं. ते कथील युरोपातलं नव्हे. मलायाच्या बाजूनं यायचं, पण तिथलंही ग्रॅनाइटच्याच पोटातून आलेलं.

त्सिनवाल्डच्या कामगारांना मात्र एक खनिज डोळ्यांसमोर नको असायचं. काळं, चकचकीत, कॅसिटेराइटइतकंच जड. पाण्यात घोळवलं तर दोन्ही एकत्रच तळाशी बसायचं, आणि भट्टीत गेलं की कथील कमी निघायचं. ते वुल्फ्रामाइट. जमेल तितकं वेचून ते टाकाऊ दगडांच्या ढिगावर फेकत. १७८३ मध्ये स्पेनमधल्या बेर्गारा गावी हुआन होसे आणि फाउस्तो एल्हुयार या दोन भावांनी त्यातूनच एक नवा धातू वेगळा केला, टंगस्टन. त्यांनी वापरलेलं खनिज त्सिनवाल्डच्या खाणींतलंच होतं. हा धातू ३४२२ अंशांपर्यंत वितळत नाही. धातूंमध्ये याबाबतीत त्याच्यावर कुणी नाही. पुढे पोलाद कापणाऱ्या हत्यारांना आणि विजेच्या दिव्याच्या तारेला तो लागू लागला, आणि ज्या ढिगांवर पणजोबांनी वुल्फ्रामाइट फेकलं होतं ते ढीग पणतवंडांनी पुन्हा उपसले.

मधल्या काळात, १८१३ च्या जुलैत, गटे हा मोठा जर्मन कवी इथे येऊन गेला. युरोपात नेपोलियनच्या लढाया चालल्या होत्या आणि हा माणूस त्सिनवाल्ड-आल्टेनबर्गच्या खाणी बघत, दगड गोळा करत हिंडत होता. त्यानं त्या सहलीबद्दल लिहूनही ठेवलंय. कविता आणि दगड यांत त्याला अंतर वाटत नव्हतं. मलाही वाटत नाही.

राहिलं अभ्रक. करड्या-तपकिरी रंगाचं, चांदीसारखी झाक मारणारं. शतकानुशतकं ते पायाखाली तुडवलं गेलं. १८१७ मध्ये स्वीडनच्या योहान ऑगस्ट आर्फवेडसननं एका वेगळ्याच खनिजात लिथियम शोधलं. १८४५ मध्ये व्हिल्हेल्म हायडिंगर यांनी त्सिनवाल्डच्या या अभ्रकाला गावावरून त्सिनवाल्डाइट असं नाव दिलं. १८६१ मध्ये बुन्सेन आणि किर्खहॉफ यांनी लिथियमच्याच एका दुसऱ्या अभ्रकात रुबिडियम शोधलं. कसं? ज्योतीत धरून. प्रत्येक धातू ज्योतीला आपला रंग देतो. लोलकातून पाहिलं तर त्या रंगाच्या ठरावीक रेषा दिसतात. लिथियमची ज्योत कुंकवाच्या रंगाची. रुबिडियमच्या रेषा गडद लाल, आधी कुणी न पाहिलेल्या. तेवढ्यावर त्यांनी सांगितलं, हा नवा धातू आहे. त्यांनी दीडशे किलो अभ्रक विरघळवलं आणि हाती आलं चिमूटभर.

त्सिनवाल्डाइटमध्ये लोखंडही असतं. त्यामुळे दगडाची पूड करून जोरदार लोहचुंबकाजवळून नेली की हे अभ्रक ओढलं जातं, गारगोटी आणि टोपाझ मागे राहतात. एरवी लिथियमची खनिजं निवडायला किती खटाटोप करावा लागतो! इथे तो गुण खनिजानं जन्मतःच आणलाय.

कथिलाच्या खाणी १९९० च्या सुमारास बंद पडल्या होत्या. आता बॅटऱ्यांसाठी लिथियम हवं म्हणून पुन्हा हालचाल आहे. चेक देशाची वीज कंपनी चेझ हिनं २०२० मध्ये त्सिनोवेत्सच्या प्रकल्पात ५१ टक्के वाटा घेतला. जर्मन बाजूलाही वेगळा प्रकल्प आहे. फ्रान्सच्या मध्यभागी बोव्हार नावाचा असाच ग्रॅनाइट आहे. त्याचा माथा कुजून पांढरी शुभ्र चिनी माती झाली, ती दीर्घकाळ खणली गेली, आणि तिथेही २०२२ मध्ये लिथियमची खाण काढायची घोषणा झाली. पण हिशोब नीट समजून घ्या. त्सिनोवेत्सच्या एक टन खडकात लिथियम निघतं साधारण दोन किलो. उरलेले नऊशे अठ्ठ्याण्णव किलो कुठे ठेवायचे? धुवायला पाणी कुठलं? ट्रक कोणाच्या दारावरून जाणार? तिथले रहिवासी हे विचारतात आणि त्यांनी विचारायलाच हवं. हा डोंगरप्रदेश २०१९ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलाय, तो त्याच्या आठशे वर्षांच्या खाणकामासाठीच. मला वाटतं, खणायचं तर आल्टेनबर्ग आठवून खणावं. खांब किती, ते आधी सगळ्यांनी मिळून ठरवावं.

‘आपल्या सह्याद्रीत असं काही आहे का?’ नाही बाळांनो. सह्याद्रीचा काळा दगड हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी बाहेर ओतलेला बसाल्ट. तो खोलवरून, कवचाच्याही खालून आला आणि जमिनीवर थरावर थर पसरत निवला. त्याला सावकाश थिजून निवड करायला सवडच मिळाली नाही, आणि मुळात त्यात या धातूंचा अंशही कमी. ग्रॅनाइट बघायचा तर नांदेडकडे देगलूरला जा, तिथले गोल गोल धोंडे पाहून डोळे निवतील, पण ते साध्या ग्रॅनाइटचे. नागपूर जिल्ह्यात कुही-खोबना भागात टंगस्टनची खनिजं सापडली आहेत. बस्तरमध्ये आदिवासी बायाबापड्या ओढ्याची वाळू घोळवून कथिलाचे काळे खडे वेचतात, अगदी क्रुश्ने होरीतल्या पहिल्या माणसांनी वेचले तसे.

आणि त्सिनोवेत्सचा खराखुरा भाऊबंद पाहायचा असेल तर राजस्थानात जावं लागेल, डेगाणाला. तिथे रेवत नावाची टेकडी आहे. ग्रॅनाइट, ग्रायझन, वुल्फ्रामाइट, टोपाझ, फ्लोराइट, सगळी मंडळी हजर, आणि अभ्रकही त्सिनवाल्डाइटच्याच जातीचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी तिथून टंगस्टन काढलं, पुढेही बरीच वर्षं खाण चालली, मग बंद पडली. आता लिथियमसाठी भूवैज्ञानिकांचं लक्ष पुन्हा तिकडे गेलंय. जोधपूरहून जयपूरला जाणाऱ्या गाडीनं निघा. मेडता रोड गेलं की पुढे डेगाणा जंक्शन येतं. तिथे उतरायचं.